काचेत बसवलेले केस

५ मे, सोमवार
मोरीच्या जाळीत आज पुन्हा केस. गुंता बोटाला गुंडाळला तर अंगठी झाली. घाबरायचं नाही असं ठरवलं आणि तिथेच मटकन खाली बसलो.
कारण मला ठाऊक आहे. आईला थायरॉइड होतं. फार उशिरा कळलं, तोवर हृदयावर आलं होतं. हा आजार घरात चालत येतो. घरात आता मी आणि ताई. ताई दणकट आहे. म्हणजे मीच.
संकल्प: लवकर उठणे. काळजी न करणे.

७ मे, रात्री
दुकानातून कापून उरलेला आरसा आणला. भिंतीवरच्या आरशासमोर धरला की टाळू दिसते. काचेच्या दुकानात नोकरी असल्याचा हा फायदा. टाळूवर एक जागा चमकते. बल्बमुळे असेल. बल्ब बंद केला. तरी थोडी चमकते.
बाबांच्या फोटोतही कपाळ मोठं दिसतं, पण तो फ्लॅश.
ताईने दोन्ही आरशांवर टॉवेल टाकले. म्हणाली, सारखं माझंच तोंड बघायला लागतं, नको मला. भावाच्या जिवावर बेतलंय आणि हिला स्वतःच्या तोंडाचं पडलंय.

९ मे
बाहेर डांबर चपलेला चिकटतंय आणि ताई शिलाई मशीनपाशी स्वेटर घालून बसते. डोक्याला रुमाल. नवीन फॅशन असावी. पंखा लावला की बंद करते. घामाने माझे केस जातील म्हटलं, तर म्हणाली, अरे, तुझे केस राहू देत, आधी मला शाल दे. आवाज बसलाय तिचा. माझ्यावर ओरडून ओरडून.

१२ मे
मोबाइलवर लक्षणं वाचली. थकवा: आहे, जेवल्यावर. थंडी वाजणे: अजून नाही, पण वाजेल. त्वचा कोरडी पडणे: टाचा बघाव्या लागतील. पुढचं लक्षण काय होतं ते आठवेना. म्हणजे विसरभोळेपणाही आहे!
हातपाय गार पडले. (थंडी: आहे.)
आज ताईने गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. सगळं उसवत बसली होती. घरात आजारी माणूस असला की कामात लक्ष लागत नाही. मी तिला मनातल्या मनात माफ केलं.
मला मात्र दुकानात मालकांनी सुनावलं. म्हणाले, राजे, काच कापताना हिरा एकदाच ओढायचा, दोनदा ओढला की तडा भलतीकडे जातो. तू दिवसभर टाळूवर हात ओढतोयस, तिथे दुसरं काय होणार?

१५ मे
डॉक्टरबाईंकडे जायचं तर पुरावा हवा. जाळीतले केस धुऊन, सरळ करून दोन काचांच्या मध्ये बसवले. कडेने टेप, वर लाकडी फ्रेम. खाली माझं नाव आणि तारीख, सुवाच्य अक्षरात. काम फार सुबक झालं.
केस फ्रेमबाहेर येत होते, दुमडून बसवावे लागले. पाण्यात राहून केस ताणले जातात, असं माझं मत आहे.
मालकांनी विचारलं, कुणाचे रे? माझे, म्हणालो. त्यांनी फ्रेम बघितली, माझं डोकं बघितलं आणि गुपचूप चहाला निघून गेले. मालक गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

१७ मे, शनिवार
रक्त दिलं. लॅबच्या पाटीवर 'तपासणि' लिहिलंय. असल्या ठिकाणी आपण नस पुढे करायची! डोळे मिटून घेतले.
ताई सोबत होती. जिना चढताना मध्येच बसली, धाप लागली होती. माझ्या काळजीने तिचे पायच गेले.
संकल्प: मृत्युपत्र करणे. (आरसे आणि सायकल, दोन्ही ताईला.)

१९ मे
ताईबरोबर दवाखान्यात. माझा रिपोर्ट नॉर्मल.
रिपोर्ट बदलला असेल म्हणालो. फ्रेम पुढे केली. डॉक्टरबाईंनी ती उजेडात धरली आणि विचारलं, अहो, हे केस तुमच्या कमरेपर्यंत येत होते का?
मी ताणाबद्दल सांगायला लागलो. त्या ऐकत नव्हत्या. ताईकडे बघत होत्या. स्वेटरकडे, रुमालाकडे. ताईला म्हणाल्या, तुम्ही जरा पुढे या.
ताईने रुमाल सोडला. भांग बोटभर रुंद झाला होता. मागे पातळ शेपटी.
मी म्हणालो, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू सर्दी झाली तरी आईच्या फोटोसमोर जाऊन उभा राहतोस, तुला काय सांगू? आणि मलाही ते ऐकायचं नव्हतं रे.
तिचं रक्त घेतलं. या वेळी डोळे मिटता आले नाहीत. फ्रेम मांडीवर पालथी धरून बसलो होतो.

२१ मे
ताईला थायरॉइड आहे. हृदय ठीक आहे. दोनदा विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेत आलात. रोज उपाशीपोटी गोळी, चहा नंतर. केसही येतील, पण काही महिने लागतील.
म्हणजे निदान मीच केलं होतं. फक्त माणूस चुकला.
निघताना हळूच विचारलं, आणि माझी टाळू? म्हणाल्या, वडिलांचा फोटो आहे का घरी?

२२ मे, सकाळी
लवकर उठलो. गोळी दिली, चहाचं आधण मुद्दाम उशिरा ठेवलं. पंखा बंदच ठेवला. घाम येतोय. येऊ दे.
ताईने फ्रेमखालचं माझं नाव खरवडून काढलं. म्हणाली, माझा माल आहे. मग डोक्यावरच्या रुमालाला हात लावून म्हणाली, माझे केस आले की हा तू घे, तोवर तुला लागेलच. किती दिवसांनी हसली.
ती अंघोळीला गेल्यावर बांधून पाहिला. फुलाफुलांचा आहे.
आरशांवरचे टॉवेल काढले नाहीत.