ज्योतीच्या यंत्राची पारख

दि. ९ नोव्हेंबर
माझी नात चि. ज्योती हिला भेस्तानच्या मिलमध्ये साड्यांची डिझाइन काढण्याचे काम मिळाले. १ डिसेंबरपासून रुजू व्हायचे. पहिला महिना परीक्षेचा. लॅपटॉप स्वतःचा हवा, अशी अट. आमच्या घराण्यात मिलमध्ये खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिली. मी जाहीर केले की पैसे मी देईन आणि पारखही मीच करीन. इयत्ता चौथी शिकलो असलो, तरी डाईंगमध्ये एकतीस वर्षे कापडाच्या रंगाची शेड जुळवली आहे. डिग्रीवाले मास्तरसुद्धा कपडा घेऊन माझ्याकडे येत.

दि. ११
दिवाळीनंतरची लाभपंचमी उलटली, दुकाने उघडली. ज्यो.सह उधन्यास लॅपटॉपच्या दुकानी गेलो. तीन यंत्रे पाहिली. एक जाड, पडदा मोठा, रंग जिवंत. वजन अडीच किलो. दुसरे त्याच्या निम्म्या वजनाचे, स्वस्त, पण रंग मेलेले. तिसरे दोन्ही गुणांनी पुरे. त्याच्या किमतीस हात जोडले.
ट्यूबलाइटखाली शेड पास करायची नाही, दारात न्यायची, हा आमचा नियम. गडद गुलाबी, रानी रंगाचा कापडाचा तुकडा खिशात नेलाच होता. जाड यंत्र उचलले आणि दाराकडे निघालो. ते तारेने बांधलेले होते. घंटा वाजू लागली. दुकानदार धावला, "काका, क्यां चाल्या?" ज्यो. म्हणाली, "आबा, हाई लुगडं नही शे, लॅपटॉप शे!"
मला लाज वाटली नाही. दुकानदाराने स्वतः तार सोडून यंत्र दारात आणून दिले. उन्हात पडदा फिकट पडला, काहीच दिसेना. कापड उजेड घेते, यंत्र उजेड देते. हे नवीन कळले.
आत येऊन तुकडा पडद्यांना लावून पाहिला. जाड यंत्रात रानी ही रानीच. हलक्यात विटेसारखी. माझा निर्णय झाला.

दि. १३
ज्यो.चा निर्णय वेगळा. डिझाइन दाखवायला तिला रिंग रोडवर व्यापाऱ्यांकडेही फिरायचे आहे. मी म्हणालो, अडीच किलो ते काय? मी कापडाच्या ताग्यांचे गठ्ठे खांद्यावर वाहिले आहेत. ती म्हणाली, "तुम्हीन गठ्ठा टाका का मोकया. माले दिनभर लिसन फिरनं शे."
गठ्ठा टाकून मोकळे होणे वेगळे, दिवसभर घेऊन फिरणे वेगळे, असे तिचे म्हणणे. दुपारी तिच्या पिशवीत अडीच किलो तांदूळ मोजून घातले आणि घरून, लिंबायतहून, भेस्तानला जाऊन आलो. शेअर रिक्षात मागे चौघे. तिथून रिंग रोडचे कापड मार्केट. दोन मजले चढलो, उतरलो.
खांदा दुखतो आहे. हे फक्त येथे लिहितो. घरी "काहीच नाही" असे सांगितले.

दि. १५
झोप नीट नाही; काल चोरून खांद्याला बाम चोळला. माझ्या शब्दावर मुलगी ओझे उचलणार, आणि शब्द खोटा. सकाळी ज्यो.ला खांद्याचे खरे सांगून टाकले.
"बामना वास कालदिनच उना, आबा."
सून स्वयंपाकघरात हसली. मी हसलो नाही. नंतर थोडा.
पण रंगाचे काय? व्यापारी पडदा पाहूनच हो-नाही करणार. रानीची वीट दिसली, तर महिनाभरात हिला घरी पाठवतील. तसे स्पष्ट विचारले. ती म्हणाली, "कितलं चुकस ते माले माहीत शे. तितलं मनमा कमी करी लेस." व्यापाऱ्यासमोर कापडाचा तुकडाही ठेवणार म्हणे.
ओले कापड गडद दिसते. वाळल्यावर किती उतरेल, ते आम्हीही मनातच धरत असू. नवी माणसे यातच फसत. मी हे तिला कधी शिकवलेले नाही.
सांगितले, तुझे यंत्र तू निवड.

दि. १७
हलके घेतले. दुकानदाराने मला ओळखले, खुर्ची दिली, चहा पाजला. पडदा मला अजूनही पसंत नाही.

दि. १ डिसेंबर
ज्यो. आठला निघाली. पाठ सरळ होती. शेजारच्या पाटील मास्तरांनी विचारले, "नात कुठे निघाली?" मी उत्तर सावकाश दिले, म्हणजे गल्लीस ऐकू जावे.

दि. ६
तिचे पहिले डिझाइन तयार. पडद्यावर मोरपंखी मला हिरवट दिसतो. तिला बोललो नाही; तिने हिशोबात धरले असेल. धरले असेलच. उद्या रिंग रोडच्या व्यापाऱ्यास दाखवायचे आहे. "आबा, येतस का?" असे विचारत होती. कामावरच्या माणसाने आजोबा सोबत नेऊ नये, असे सांगून नकार दिला.
सदरा मात्र इस्त्रीला टाकला आहे.