वन्संचा झाशीला वेढा

सीपरी बाज़ार, झाशी
पाडव्यानंतरचा मंगळवार

ती. सौ. दुर्गावन्सं यांना भावजय बकुळेचा, गुडघे वाकतील तितका वाकून नमस्कार.

तुमची कंबर, भावोजींची साखर आणि ग्वाल्हेरची बिजली तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करते. फोनच करणार होते, पण महत्त्वाचं बोलायला लागलं की तुम्हाला नेमकं ऐकू येत नाही, म्हणून कागद घेतला. (शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षर गोड मानून घ्या.)

वन्सं, तुमचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे हे, जगात गाजायला लागलेत. जाऊन इतकी वर्षं झाल्यावर का होईना.

झालं असं, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भजनं लावावीत म्हणून ह्यांच्या ट्रंकेतली एक कॅसेट काढली. वरचा कागद उंदरांनी खाल्लेला. कळ दाबली तर गरम तेलात पाणी पडावं आणि शेजारी टिटवी ओरडावी, असा आवाज. बायकांनी कानांवर पदर घेतले. शेजारची म्हणाली, "जिज्जी, तुम्हारी मशीन में बर्र घुस गई." (गांधीलमाशी शिरली म्हणे.) मी बंद करायला उठले, तर समोरच्या यमुनाबाईंची पुण्याची सून स्नेहलता, बोटं कुंकवाची तशीच, धावत आली. "काकू, हात लावू नका. हे भजन नाही, हा खेळ आहे."

ही मुलगी आणि तिची पुण्याची मंडळी कॅसेटींवर भरलेले जुने घरगुती कंप्यूटरचे खेळ शोधत हिंडतात. तेही ठो-ठो गोळ्या झाडायचे नव्हेत, डोकं लावून जिंकायचे. कॅसेटी कुजायच्या आत ते उतरवून जपून ठेवतात. (आम्ही लोणच्याला जपतो तसं.) मग मला ह्यांच्या कंप्यूटरचा तो काळा डबा आठवला. रेल्वेच्या ऑफिसातून आले की हे तो टीव्हीला जोडून टकटक करत बसायचे आणि माझी मालिका बुडायची.

स्नेहलता आपली यंत्रं घेऊन आली. कॅसेटीला बुरशी. तिनं कापसानं अशी पुसली, जसं बाळंतिणीनं पहिल्या मुलाला पुसावं. एकदा लावलं, काही नाही. पुन्हा लावलं, नुसत्या रेघा. मी जपमाळ घेतली. मग पडद्यावर किल्ला उभा राहिला, वन्सं, आणि त्याला हुबेहूब आपला जिना! खेळाचं नाव 'दिवाळीचा वेढा'. भाऊबीजेपर्यंत रोज कणीक, तूप, रॉकेल बेतानं काढायचं, चकल्या कुठे लपवायच्या, मागच्या दाराशी कुणाला बसवायचं, ते ठरवायचं. शत्रू ग्वाल्हेरच्या गाडीनं उतरतो. फौजेच्या पुढे लाल चौकोन चालतो. तो दिसला की खाली इंग्रजी अक्षरांत येतं, 'दुर्गा आली'. स्नेहलतेनं ते वाचलं आणि मी इतकी हसले की कवळी काढून ठेवावी लागली.

तिनं तो इंटरनेटवर ठेवलाय. पोलंड देशातल्या एका गृहस्थांनी लिहिलंय की दुर्गेनं त्यांचं तूप पुन्हा संपवलं. असा विचारी खेळ त्या काळी एकट्या माणसानं घरी बसून केला, म्हणून मोठमोठे लोक ह्यांचं नाव घेतात. ऑफिसात जन्मभर 'बड़े बाबू' ऐकलं, पुरं नाव कुणी घेतलं नाही. आता जपानात घेतात.

एकच काटा राहिलाय. भाऊबीजेच्या सकाळी दुर्गा दाराशी येते आणि पडदा म्हणतो, 'दुसरी कॅसेट लावा'. सगळं जग तिथेच अडलंय. अर्धा खेळ जपला म्हणजे जपला नव्हे, असं स्नेहलता म्हणते. आम्ही माळा पालथा घातला, चिरगाँवच्या भाच्याचं घरही धुंडाळलं.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची भावजय
बकुळा

ता. क. दुसरी कॅसेट कुठे आहे ते मला माहीत आहे. त्या दिवाळीला तो लाल चौकोन बघून तुम्ही ओवाळायचंसुद्धा टाकून दुपारच्या गाडीनं निघालात, तेव्हा माझा चिवड्याचा डबा आणि ती कॅसेट तुमच्या पिशवीत होती. डबा मागत नाही.

ता. क. दुसरा. भावानं आपल्याला शत्रू केलं, असं तुम्ही धरून बसलात. पण हे मला तेव्हाच म्हणाले होते (मी अनारसे तळत होते, अर्धंच ऐकलं), की दुसऱ्या कॅसेटीत दार उघडायचं असतं. दुर्गेनं ओवाळल्याशिवाय वेढा उठतच नाही. दार लावून बसेल तो हरतो. एवढंच बोलले आणि एक अनारसा उचलून पुन्हा टकटक करायला बसले. मग विषय नाही काढला.

ता. क. शेवटचा. कॅसेट मिळाली नाही तर पहिला भाग जसा आहे तसाच कायमचा राहणार, म्हणजे तुम्ही आपल्या माहेरच्या दाराबाहेर, फौजेसकट, युगानुयुगे. बघा बाई. चिरगाँवचा भाचा श्रीकृष्ण शनिवारी ग्वाल्हेरला येतोय, त्याच्याजवळ दिलीत तरी चालेल. स्वतः घेऊन आलात तर दार मी उघडीन. पण आधी खिडकीतून कॅसेट दाखवा.