अक्काचं आहे, हात लावू नये

मल्लेश्वरम, बेंगळूर
९ मार्च १९९४

प्रिय सुप्रीता,

पुण्याहून पाठवलेलं पत्र मिळालं. ट्रेनिंग बरं चाललंय आणि कॉफी प्यायच्या लायकीची नाही, एवढं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही पोरगी पत्रातसुद्धा हसते, तू स्वल्प शीक तिच्याकडून. मी मान डोलावून सरी म्हटलं आणि पत्राची घडी घातली.

इथे ऑफिसात सगळे धास्तावलेत. आपण ज्या पॅकेजमध्ये प्रोग्राम लिहितो ते डॉस सोडून विंडोजवर गेलं आणि पाच वर्षांची सवय फुकट गेली. सुधींद्र उघड म्हणतो, बँकेची परीक्षा देतो. मी रोज संध्याकाळी मॅन्युअल घेऊन बसते. पण नव्या पद्धतीने एकही स्क्रीन मला अजून सहज लिहिता आलेला नाही. डॉसमध्ये पुढचा प्रश्न कोणता, ते मी ठरवायचे. आता समोरचा माणूस माउसने कुठेही टिचकी मारणार आणि प्रोग्रामने त्याची वाट बघत बसायचं. तुला हे कधीच जड गेलं नाही. तुला प्रोग्रामिंग मीच शिकवलं, त्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकते.

आनेकलच्या कारखान्यासाठी तू लिहिलेला विंडोजचा प्रोग्राम तिथल्या स्टोअरकीपरना, हणमंतरावांना, दाखवायला मी गेले होते. ते म्हणाले, तुमचा जुना प्रोग्राम म्हणजे मास्तर हो, एकामागून एक उत्तरं द्या. हिचा बरा, कुठूनही सुरू करता येतं. मी हसले. परतीच्या बसमध्ये दुसरं काही सुचलं नाही.

मग गिरीराज सरांनी तोच प्रोग्राम मला तपासायला दिला. विंडोजच्या टीमची प्रमुख तू व्हावीस असं त्यांच्या मनात होतं, त्याआधी माझं मत हवं होतं. मी चार दिवस तपासला. चूक सापडावी म्हणूनच तपासला. चौथ्या दिवशी सापडली. प्रिंटर बंद असला की अख्खा कॉम्प्युटर गोठतो, दुसरं काहीच चालत नाही. मी अहवालात लिहिलं की लिहिणारीला विंडोज समजलेलं नाही. सरांनी तुझं नाव मागे घेतलं आणि माझं पुढे केलं. ऑफिसात पेढे वाटले गेले. मी एक खाल्ला.

तो तुकडा तुझा नव्हता. प्रिंटर सुरू होईपर्यंत थांबून राहणारा तो भाग मी एक्क्याण्णव साली लिहिला होता. डॉसला एका वेळी एकच काम, त्यामुळे तिथे तो चालून गेला. तू तो जसाच्या तसा उचललास आणि त्याच्या वरच्या ओळीत इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलंस, अक्काचं आहे, हात लावू नये. ती ओळ मी अहवाल लिहिण्याआधी वाचली होती.

काल सरांना दुसरा अहवाल दिला. त्यात हे सगळं आहे, प्रत सोबत जोडली आहे. ते काय ठरवतील ते अजून कळलेलं नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तू हे माझ्याकडून ऐकावंस, म्हणून हे पत्र. तो तुकडा मी दुरुस्त केलेला नाही. परत आलीस की आधी ती ओळ खोड, मग हात लाव.

तुझीच, अजून म्हणणार असशील तर अक्का,
संयोगिता