उशाजवळचं घड्याळ

सोमवार, ९ तारीख

गेलो. अखेर गेलो. मुलगी आठवडाभर मागे लागली होती— "बाबा, घरात बसून बंद घड्याळं उघडण्यापेक्षा आमच्या मंडळीबरोबर चला." चर्चची पायरी मी हिच्या आईच्या अंत्यविधीनंतर चढलो नव्हतो. तीन वर्षं झाली. पण पूर ओसरलाय, नदीकाठच्या गल्लीत घराघरात गुडघाभर गाळ आहे, आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. मदत-बिदत नंतर.

साडेसातला चर्चच्या हॉलमध्ये प्रार्थना. पाळकसाहेबांनी डोळे मिटायला सांगितले. मी एक उघडा ठेवला. तेवीस माणसं, अठरा फावडी. मग मेट्रन उभी राहिली. ही निवृत्त नर्स, गटाची प्रमुख. हॉस्पिटल सुटलं पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नाही. तिचा नियम एकच: घरमालकाला विचारल्याशिवाय काहीही फेकायचं नाही. फुटका कप असला तरी दाखवायचा, विचारायचं.

मला वाटलं, असे आपण वर्षभर इथेच. पण एका बाईनं खरंच फुटका कप मागून घेतला. कुणाचा, ते विचारायचं राहिलं. उद्या विचारीन.

पाठ गेली कामातून.

मंगळवार, १०

कप सासऱ्यांचा. विचारलं.

आज मजेची गोष्ट. (मजा म्हणू नये, पण इथे कोण वाचतंय!) नदीजवळच्या पहिल्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ साडेचारला बंद पडलंय. मधल्या घरातलं पावणेपाचला. आणखी पुढचं पाच-पाचला. पुराचा भोंगा वाजला तो बरोबर चारला, हे गल्लीत सगळेच सांगतात. म्हणजे पाणी कुठून शिरलं, कसं चढत गेलं, सगळं या घड्याळांत आहे! खिशातल्या कागदावर यादीच केली. घर, भिंतीवरची उंची, वेळ. दुपारच्या चहाला पाळकसाहेबांना दाखवली. त्यांना नवल वाटलं.

मेट्रनला नाही वाटलं. "काका, तुम्ही गाळ काढायला आलात की चौकशीला?"

दोन्ही, म्हटलं.

बुधवार, ११

ऊन. गाळ वाळून विटेसारखा. दोन घरं झाली. यादीत सात घड्याळं.

गुरुवार, १२

आज तो बेकरीवाला आला. चाळिशीचा असेल, दंड भाजल्याच्या डागांनी भरलेले. गल्लीतलं शेवटचं घर त्याचं. आमच्या कुणाला त्यानं आत येऊ दिलं नाही, गाळ एकट्यानं काढला. गल्लीत पुरात गेलेली एकच— याची आई. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली.

पिठाच्या पोत्याच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. "काका, तुम्ही वेळा लिहिताय म्हणे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्यानं फडकं माझ्या हातात दिलं. आईच्या उशाजवळचं घड्याळ. "कितीला थांबलं तेवढं सांगा. मला काच पुसवत नाही."

मग उभ्या उभ्याच सांगितलं. बेकरी वरच्या रस्त्याला, तिथून घर वीस मिनिटं. भोंगा वाजला तेव्हा तो पिठाची पोती फळ्यांवर चढवायला लागला. चाळीस पोती. "वाटलं, पाणी दरवेळेसारखं पायरीपर्यंत येईल." अर्ध्या तासानं निघाला. गल्लीच्या तोंडाशी आला तर पाणी छातीपर्यंत.

"लगेच निघालो असतो तर चार-वीसला घरी होतो."

घड्याळदुरुस्तीची कामं घेण्यात उभा जन्म गेला, पण गिऱ्हाइकानं असं काम कधी आणलं नव्हतं.

शुक्रवार, १३

सकाळीच उघडलं. किल्लीचं, गजराचं, पितळी. चांगलं जपलेलं. काचेवर चिखलाचे फराटे. ओला बोळा फिरवला.

चार चाळीस.

माझा आधी विश्वास बसेना. म्हटलं, घड्याळ पुढे असेल. त्याच्या शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, म्हातारी रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर लावून घ्यायची, मिनिटाचा फरक चालायचा नाही. म्हटलं, ठेवलेलं खाली असेल. दुपारी निमित्त काढून त्याच्या घरात डोकावलो. घड्याळ ठेवायचं ते स्टूल अजून खाटेला लागून होतं. वितीनं मोजलं. उशीच्या उंचीला बरोबर.

म्हणजे पाणी उशीपर्यंत यायला चार-चाळीस झाले. हा चार-वीसला पोचला असता. हातात वीस मिनिटं. म्हातारीला पाठुंगळीला घेऊन वरच्या रस्त्याला यायला दहा पुरे.

माझी सगळी हौस एका क्षणात फिटली.

माझी बायको गेली त्या वेळी मी दुकानात होतो. मुलीचा फोन आला तेव्हा म्हटलं, एवढं एक उरकतो आणि निघतो. ही किती वाजता गेली ते मला मिनिटासह ठाऊक आहे. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. मी कितीला निघालो तेही ठाऊक आहे. रोज वजाबाकी करतो.

शनिवार, १४

आज पाठ दुखते म्हणून सांगितलं आणि गेलो नाही. मुलगीही त्यांच्याबरोबर गाळ काढायला गेलेली, घरी मी एकटा. डोळ्याला भिंग लावून दुपारपर्यंत नुसता बघत बसलो.

चाळीस वर्षांत चुकीची वेळ लावून एकही घड्याळ दुकानाबाहेर पडू दिलं नाही. कुणी घाई केली तर काम परत केलं. लोक माझ्या दुकानासमोर उभे राहून आपली घड्याळं लावून घ्यायचे.

काटे गंजून जागेवर बसले होते. तेलाचा थेंब दिला, थांबलो, अलगद मागे घेतले. चार-दहा. पण डायलवर काट्यांच्या जागी सावल्या उमटलेल्या— तेवढाच भाग पांढरा, बाकी सगळीकडे चिखलाचा पिवळा डाग. काटे एकीकडे, सावल्या दुसरीकडे. आंधळ्यालाही कळेल. म्हणून सगळा डायल पुसला. तासभर लागला. नव्यासारखा झाला.

यादी फाडली. त्या यादीत चार-दहा कुठेच बसत नव्हतं.

मेट्रनचा नियम आठवला. मी त्याचा अर्धा तास फेकून दिला, आणि त्याला विचारलंही नाही. हात धुऊन जेवायला बसलो.

रविवार, १५

चर्चला गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. मुलगी पुढून चार वेळा वळून बघत होती, आपला बाप खरंच आलाय की काय म्हणून. या वेळी डोळे दोन्ही मिटले. मागितलं काही नाही.

उपासना आटोपल्यावर तसाच बेकरीवर गेलो. तो भट्टी साफ करत होता. घड्याळ त्याच्या हातात दिलं. बोलायचं पाठ करून गेलो होतो.

"चार-दहा. भोंग्यानंतर दहाच मिनिटांत. तू पळत सुटला असतास तरी पोचला नसतास रे."

तो डायलकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. माझी नजर ठरेना, मी भट्टीकडे बघत होतो.

"तुम्ही पुसलंत," म्हणाला.

"चिखल होता."

घड्याळ त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं. "परत चालू होईल?" मी म्हटलं, होईल, दोन दिवस दे. "नको. हीच वेळ राहू दे."

आणि पीठ लागलेल्या हातांनी माझे पाय धरायला वाकला. मी मागे सरलो. मला ते सहन झालं नसतं.

सोमवार, १६

मेट्रननं आज फावडं काढून घेतलं आणि खुर्ची दिली. "काय झालंय, काका? चौकशा बंद झाल्या तुमच्या." काही नाही, म्हटलं. खरंच आज कुणाला काही विचारलं नाही.

मंगळवार, १७

गल्ली संपली. शेवटच्या घरी बेकरीवाल्यानं सगळ्यांना चहाला बोलावलं. त्याची बहीण परगावाहून रस्ता सुरू झाल्यावर आज पोचली होती. स्टुलावर घड्याळ. ती जवळ गेली, वाकून बघितलं.

"दादा, पाणी उतरल्या दिवशी तूच फोनवर म्हणालास ना, काच पुसून बघितली, चार-चाळीसला थांबलंय म्हणून? इथे तर चार-दहा दिसतायत."

मी हातातली बशी खाली ठेवली.

तो चहा गाळत होता. मान वर केली नाही. "मी घाईत बघितलं असेल," म्हणाला. "काकांची वेळ धर."