एका डब्यावर दोघं

वाळूज,
ता. ९ मे १९८७

लक्ष्मीबाई यांस केसरबाईचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा लेक कृष्णा माझ्या खाणावळीत जेवतो. तो बरा आहे. इथं ऊन लई कडक पडलंय. टँकर एक दिवसाआड येतो, भांडी घासायला पाणी पुरत नाही, तरी रोज एखाद्या नव्या कारखान्याचा पाया खणतात अन् नवी माणसं जेवायला येतात. तुमच्याकडं विहिरीला काही आहे का? कृष्णा सांगत होता, कन्नडच्या बाजारात यंदा जनावरांना कुणी विचारत नाही.

तो बरा आहे असं वर लिहिलं, ते आजचं खरं आहे. सोमवारी तो फाउंड्रीत चक्कर येऊन पडला. डावा हात तापल्या साच्यावर भाजला. आता घाटीच्या सरकारी दवाखान्यात आहे. बोटं हलतात, हात शाबूत राहील असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुम्हाला कळवू नको म्हणून त्यानं मला शपथ घातली होती. ती मोडून लिहिते आहे.

तो भट्टीच्या आचेनं पडला नाही. पोटात नव्हतं म्हणून पडला.

डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "बाई, हा तुमच्याकडंच जेवतो ना? काय देता याला?"

मी सांगितलं, दोन्ही वेळचं मिळून दहा पोळ्या, वरण, भात, भाजी. दोन-तीन महिन्यांपासून तो दोन्ही वेळचं सकाळीच बांधून न्यायचा.

"नुसतं बसून काम करणाऱ्या पुरुषालाही दिवसाला दोन-अडीच हजार कॅलरी लागतात," त्या म्हणाल्या. "हा भट्टीपुढं लोखंड ओततो. याला साडेतीन हजार तरी हव्यात. याला निम्म्याच मिळत असणार."

कॅलरी म्हणजे काय, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "चुलीला जसं सरपण. कमी पडलं की अंग स्वतःलाच जाळायला घेतं."

मला राग आला. माझ्या खाणावळीतून कुणी अर्धपोटी उठत नाही. कृष्णाला विचारलं, तर त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

बुधवारी दुपारी एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला. म्हातारा कसला, पन्नाशीचाही नसेल, पण उन्हानं वाळून गेलेला. कारखान्यांना धरणाचं पाणी आणायला चर खणतात, तिथं मिळेल त्या दिवशी कामाला. जेवायला आला असेल म्हणून मी ताट वाढलं. तो बसला नाही. म्हणाला, "तो कन्नडकडचा पोरगा दोन दिस झाले दिसत नाय. बरा हाय ना?"

मी म्हटलं, "तुमचा कोण तो?"

ते तिथंच उंबऱ्यापाशी बसले अन् रडायला लागले.

लक्ष्मीबाई, इथून पुढचं बसून वाचा. तुम्हाला वाचता येतं असं कृष्णा म्हणाला, म्हणून धीर केला. हे तुम्ही दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये.

त्यांचं नाव सांडू. बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या घरून कामाला म्हणून निघाले, ते हेच.

दोन-तीन महिन्यांमागं कृष्णा कारखान्याच्या फाटकाबाहेर लिंबाखाली जेवत होता, तिथं हे पाणी मागायला आले. बोली ऐकून त्यांनी गाव विचारलं, मग विचारलं, "कुणाचा रे तू?" पोरानं बापाचं नाव सांगितलं अन् म्हणाला, "वारले ते." यांनी हातातलं पाणी खाली ठेवलं. मग विचारलं, "अन् लक्ष्मी? ती कुठं असती?" पोराच्या हातातला घास हातातच राहिला.

त्या दिवसापासून एका डब्यावर दोघं जेवत होते. कृष्णानं दवाखान्यात मला सगळं सांगितलं. "मावशी, बारा वर्षं पत्ता नाही म्हणून भावकीनं मेलेलं धरून त्यांचा गवताचा पुतळा करायला लावला. मी माझ्या हातानं अग्नी दिला. पितृपक्षात त्यांच्या नावानं पान वाढतो अन् कावळ्याची वाट बघतो. अन् ते माझ्यापुढं उपाशी बसलेले. मग कसं नाही वाढणार?"

मी म्हटलं, "अरे, मला जास्तीच्या पोळ्या मागता येत नव्हत्या?"

"कुणासाठी म्हणून सांगू?" एवढंच म्हणाला.

तुमच्या मालकांना मी सोडलं नाही. गेलात ते गेलात, परत का नाही आलात, असं तोंडावर विचारलं. म्हणाले, "पहिल्या साली रिकाम्या हातानं कसं जावं म्हणून कन्नडच्या स्टँडवरून माघारी फिरलो. मग माघारी फिरल्याचीच लाज वाटाया लागली. ती दर साली वाढतच गेली." त्यांनी दुसरं घर केलेलं नाही. एवढं मी खोदून विचारलं.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. पोराचा बांधलेला हात बघून ते जिन्याकडं पळायला लागले, "माझ्यापायी जळालं पोरगं" म्हणत. दंडाला धरून आणून खाटेशी बसवलं. आता रोज दोन डबे पाठवते.

कृष्णाला भीती एकच आहे. "आईनं माझ्यासमोर बांगड्या उतरवल्या. तिला आता काय तोंडानं सांगू?" असं म्हणतो अन् डोळे मिटून घेतो.

माझे मालक माझ्या डोळ्यांदेखत गेले. मला असं पत्र कधी यायचं नाही. तरी तुम्ही आनंद माना असं मी म्हणणार नाही. चौदा-पंधरा वर्षं तुम्ही कशी काढली ते तुम्हालाच ठाऊक. जेवणाचं मी बघते. पुढचं मला ठरवता येत नाही, अन् ठरवूही नये.

तुमच्या लेकराला रोज पोटभर वाढणारी,
केसरबाई

•

मु. सावरखेडा, ता. कन्नड
ता. १४ मे १९८७

केसरबाईस लक्ष्मीचा रामराम.

पत्र पोचलं. रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकले, माझं अक्षर वाकडं हाय, संभाळून घ्या. अर्धं पत्र वाचून गोठ्यात जाऊन बसले. गोठा रिकामाच हाय. मग उरलेलं वाचलं.

कृष्णाला म्हनावं, आई रागावली. हात भाजल्याचं आईपासून लपवत नसत्यात. बांगड्यांचं मी बघंन, ती त्यानं काळजी करू नये.

त्यांचं काय लिहू? जित्ते हायेत हे ऐकून बरं वाटलं का, ते मला अजून कळंना. पुतळा जाळला त्या दिशी मी रडले नाय. बाया म्हनल्या, दगड हाय. माझं रडून कवाच झालं व्हतं. त्यांना लाज वाटली म्हनं. बाजारात कुनी इचारायचं, मालक कुठं हायेत, तवा लाज मला बी वाटायची. पर लेकरू अन् वावर टाकून मी कुठं जानार व्हते?

पोराच्या डब्यातलं खाल्लं ह्याचा मला लई राग हाय. पोरानं वाढलं ह्याचा नाय.

शनवारच्या पहिल्या गाडीनं येते. पोराजवळ बसंन. त्यांना कुठं जाऊ देऊ नका. मी बोलल्याबिगर माझ्याशी बोलू नका म्हनावं. कुंकवाचं काय करायचं ते मी भावकीला इचारनार नाय, त्यांना बी नाय.

केसरबाई, तुम्ही परक्या असून माझ्या मानसांना जेवू घातलं. तुमच्या पाया पडाया बी येते.

शनवारी तुमचे डबे पाठवू नका, भाकरी मी आनते. आज दळनाला बाजरी काढली, ती दोघा गड्यांपुरती निघाली. जास्तीची परत कनगीत टाकली नाय.

तुमची बहीन,
लक्ष्मी