शांतता समितीच्या अध्यक्षाचा हातोडा

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. तुझी गुडघेदुखी आणि वहिनींचा माझ्यावरचा राग, दोन्ही उतरले असतील असं धरून चालतो. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितो. मी अजून हादरलेलाच आहे.

मुलगी दोन महिन्यांच्या नातीला घेऊन राहायला आली आहे. मागच्या आठवड्यात म्हणाली, "बाबा, त्या आवाजाचं काहीतरी करा. बाळ दचकून रडतं. नाहीतर मी परत जाते." आमच्या गल्लीत फटाक्यांना निमित्त लागत नाही. कुणी पास झालं, कुणी नवी गाडी घेतली, कुणाची जुनी एकदाची विकली गेली (खरंच, समोरच्या शिंप्याची) की लागलीच माळ. मी कंबर कसली. शांतता समिती काढली, अध्यक्ष झालो (दुसरं कुणी उभंच नव्हतं) आणि नियम केला की ज्याचा आवाज नव्वद डेसिबलच्या वर जाईल, त्याने ते काम त्याच दिवशी बंद करायचं. घरोघर फिरून सह्या घेतल्या. पहिली सही माझी, सगळ्यात मोठी.

काल दुपारी शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आवाज मोजायचं यंत्र घेऊन आल्या. ते माझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवलं. मोजणीसाठी शिंप्याने तोंड पाडून गल्लीच्या टोकाला माळ लावली. बाईंनी तीनदा सांगितल्यावर मला कळलं, अठ्ठ्याऐंशी (बाई फार हळू बोलतात, हल्ली सगळेच हळू बोलतात). शिंपी थोडक्यात वाचला. मला काही ते सहन होईना. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं, म्हणून रागारागात त्याच्या पत्र्याच्या पेटीचं झाकण ठोकायला घेतलं. चार घाव घातले असतील. वर बघतो तर सगळी गल्ली यंत्राकडे बघतेय. एकशे सात.

दादा, मी हातोडा खाली ठेवला. चाळीस वर्षं पत्रा ठोकतोय, तू तर माझ्याही आधीपासून. आपल्या घरात त्याला आवाज कुणी म्हटलंच नाही, त्याला काम म्हणायचे. शिंपी हसलासुद्धा नाही, त्याने नुसता नियमाचा कागद माझ्यापुढे धरला. मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "मी हातोड्याचंच म्हणत होते, बाबा. फटाक्यांत ती झोपते."

दुकान कालपासून बंद आहे. समिती चालू आहे, अध्यक्ष शिंपी.

वहिनींना नमस्कार सांग, त्या घेतील तर.

तुझा धाकटा

ता. क. वडिलांचा लाकडी हातोडा तुझ्याकडे पडून आहे, तो लगेच पाठव. नव्वदच्या आत पत्रा वाकतो का बघतो. नवे अध्यक्ष जातीने मोजायला बसणार आहेत.

आणखी एक ता. क. तुझ्या कानातलं यंत्र ज्यांनी बसवलं त्यांचा पत्ताही पाठव. एका ओळखीच्या माणसाला हवाय. नात रोज आतल्या खोलीत रडते म्हणे, माझ्या दुकानापासून दहा पावलांवर. दादा, मी तिचं रडणं अजून एकदाही ऐकलेलं नाही.