बारा इंची पेटी

२२ ऑक्टोबर २००६, रविवार. ढाणकी.
जावईबापूंच्या वणीकडच्या जिनिंगला या वर्षीही कुलूप. कापसालाच कोणी विचारत नाही, तर जिनिंगच्या सुपरवायझरला कोण विचारतो? त्यांना राजकोटकडे काम मिळालं, ते पुढे गेले. मुलगी समीक्षा आणि नात नयन १२ नोव्हेंबरपर्यंत आमच्याकडे. मग गुजरात, कायमचं.

नयन सात वर्षांची. या वयाचं पोर वर्षभरात आजोबा विसरतं. पुराव्यादाखल आमच्या सौभाग्यवतीच्या, कोकिळाच्या, भावाचा नातू. पुण्याहून आला आणि सख्ख्या आजोबाला 'अंकल' म्हणाला. माझ्या बाबतीत हे होणे नाही.

निश्चय: नयनसाठी स्वतःच्या हातानं सागाची पेटी. आठवणी ठेवायला. लांबी बारा इंच, रुंदी आठ, उंची सहा. झाकणावर माझी स्वतःची सोळा ओळींची कविता, कोरलेली. सातवीच्या पुस्तकातल्या कविता अजून चालीसकट पाठ आहेत, तेव्हा काव्याचा प्रश्न नाही. सुतारकाम राहिलं. ते काय, सुतारसुद्धा करतात.
मुदत: चार दिवस. उरलेले दिवस पॉलिश आणि कौतुक.
सर्व गुप्त. गुरांच्या रिकाम्या कोठ्यात बसणार. आतून कडी.

२३ ऑक्टोबर
फुलसिंगच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पावसाळ्यात साग पडला होता. त्याच्या फळ्या आणल्या. शेजारचा जमीर मिस्त्री भिंतीवरून म्हणे, काका, वलं आहे लाकूड, सहा महिने सावलीत ठेवा.

मी तीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. चिमूटभर कापूस ओढला की धाग्याची लांबी सांगत असे, गालाला लावला की ओलावा. फळीची एक शीर उपटली, ओढली, गालाला लावली. ओलावा आठ टक्के. सुपर ग्रेड.
जमीर म्हणे, काका, साग आहे हा, कापूस नोहे.
म्हटलं, दोन्ही झाडालाच येतात.
मान हलवून आपल्या कामाला लागला. मुद्दा पटला असावा.

२५ ऑक्टोबर. ईद.
नयन सकाळपासून कडी वाजवून राह्यली. आबा, जैनबबी दादीकडे चला, शिरखुर्मा आहे. जैनबबी म्हणजे जमीरची आई. जमीरची पोरगी कशफ नयनच्याच वयाची, त्यामुळे तिकडचं येणंजाणं वाढलेलं.
आतूनच म्हटलं, उद्या येतो.
बाहेरून उत्तर: आबा, ईद उद्या नसते.
हुशार आहे. माझ्यावर गेली.
फळ्या कापल्या. एक बाजू बारा इंच, दुसरी पावणेबारा. न्यायाच्या दृष्टीनं दोन्ही साडेअकरा केल्या. मग एक सव्वाअकरा झाली.

२८ ऑक्टोबर
फळ्या वाकल्या. धनुष्यासारख्या. हवामान बिघडलंय. कापसाचंही तेच झालं, त्यात ग्रेडरचा काय दोष? रंधा मारून सरळ केल्या. तरी थोडं कापावं लागलं. आता नऊ इंच. नऊ हा शुभ आकडा.
कवितेच्या आठ ओळी गाळल्या. खरा कवी गाळण्यावरून ओळखावा.

३० ऑक्टोबर
कोकिळाच्या भावाच्या शेतात सीताफळं पिकली. सगळे निघाले. कोकिळा दाराशी येऊन म्हणे, अहो, पोरगी तुमच्यासाठी थांबून राह्यली, चला न.
म्हटलं, महत्त्वाचं काम आहे.
म्हणे, कोणतं हो? तुमचा कापूस तर आता सरकारही घेऊन नाही राह्यलं.
पस्तीस वर्षांचा संसार, आणि बाईला कलेचा गंध नाही.
सांधे जोडले. एका फटीत करंगळी जाते. भुसा आणि फेविकॉल भरला. आता जात नाही. करंगळी चिकटली होती, ती गरम पाण्यानं सुटली.

२ नोव्हेंबर
मंडळी पहाटेच कळंबला गेली, चिंतामणीच्या दर्शनाला. समीक्षा म्हणाली, बाबा, काम नंतर करा. बारा तारखेनंतर वेळच वेळ आहे तुम्हाला.
मुलगी माझी, टोमणे आईचे.
दिवसभर शांतता. भरपूर काम झालं असतं, पण पटाशी अंगठ्यात गेली. पट्टी बांधून चिंतन केलं.

५ नोव्हेंबर
झाकण बसेना. पेटीपेक्षा झाकण मोठं, म्हणून झाकण कापलं. मग झाकणापेक्षा पेटी मोठी. असं दुपारपर्यंत. आता सहा इंच.
जमीर भिंतीवरून: काका, कंपासपेटी करून राह्यले का?
म्हटलं, तू तुझी खाट बघ.
नयन हल्ली तिकडेच असते. जमीरच्या भुशात कशफसोबत बसलेली. बरंच आहे. गुंतलेली राहते, गुपित सुरक्षित.
फक्त एकदा आली. दाराच्या फटीतून म्हणे, आबा, ती सातवीची कविता म्हणा न, चालीवर.
सांगितलं, एवढं काम होऊ दे बेटा, मग वहीभर म्हणतो.

८ नोव्हेंबर
आज दार वाजलं नाही. अखंड काम करता आलं.
कवितेच्या दोनच ओळी ठेवल्या:
साग वाळे, रंग वाळे, वाळेना ही माया,
नातीसाठी झिजे आजा, चंदनाची काया.
वाचून माझेच डोळे भरले. कोरायला घेतली. 'साग वा' इथपर्यंत झाकण संपलं. ते कापून टाकलं.

९ नोव्हेंबर
आजही वाजलं नाही. मधून मधून उगाच दाराकडे पाहिलं. कडी नीट लागते का, एवढंच.

१० नोव्हेंबर
पेटी पूर्ण! लांबी चार इंच. झाकणावर एकच शब्द मावला: आबा. कविता फार बोलते. नाव पुरतं.
आकार लहान आहे, असं कोणी म्हणेल. आठवणी काय गोणीत भरतात?

१२ नोव्हेंबर, सकाळी ९
अंगणात सगळ्यांसमोर पेटी दिली. नयननं उलटीपालटी करून पाहिली. म्हणाली, आबा, तुम्ही केली? हेच करत होते इतके दिवस? आणि पळाली शेजारी. म्हटलं, दाखवायला गेली. जमीरनंही पाहावी.

परत आली ती फ्रॉकचा खिसा भरून. ओट्यावर बसून पेटीत एकेक ठेवू लागली, हिशेब सांगत. हा कशफचा दात, आबा, माझ्यासमोर पडला. ही जैनबबी दादीच्या मेंदीची पुंगळी, ईदची. हे जमीरचाचाच्या रंध्यातून निघालेलं लाकडाचं वेटोळं, फुंकलं की फिरते. या सीताफळाच्या बिया, आजीनं झाडावर चढवलं तेव्हाच्या. हा कळंबचा लाल धागा.
पेटी भरली.

मी विचारलं, अन् आबाचं काय ठेवलं?
तिनं विचार केला. खरोखर केला. पोरं पटकन खोटं बोलतात म्हणे, हिला जमलं नाही.
म्हणाली, आबा, तुम्ही तर कोठ्यात होते न.

झाकण लागेना. समीक्षानं वेणीचं रबर काढून गुंडाळलं. नेमकं नावावरून गेलं.

म्हटलं, थांब, कविता म्हणतो, चालीवर. नांदेडची एस.टी. एरवी तासभर उशिरा येते. आज वेळेवर. खिडकीखाली उभा राहून सुरू केली. चाल सापडेपर्यंत कंडक्टरनं घंटी दिली. नयननं हात हलवला. माझ्या मागे जमीर, जैनबबी, कशफ उभे होते, तेव्हा कोणाला ते नक्की सांगता येत नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळी ७
सवयीनं कोठ्यात येऊन बसलो. आतून कडी लावली.
बाहेरून कोकिळा: अहो, आता कायले लावता कडी? कोणापासून लपवून राह्यले?

कडी काढली.